गळ्यातलं शेवाळ

४ फेब्रुवारी

ठिणगे,

आधी वाच, मग फाडायचं तर फाड. फाडायची तुझी हौस मला नवी नाही, शाळेतल्या प्रगतिपुस्तकापासून पाहतेय. अक्षर वेडंवाकडं आलंय ते रागानं नाही. माझे हात अजून थरथरतायत.

तुझा पत्ता बंदराच्या ऑफिसातून मिळवला. क्रेन चालवणारी माझी बहीण, एवढंच सांगितलं. फोनवरचा माणूस म्हणाला, "हां, ती! तिच्याशी जरा जपून बोला." म्हणजे बदलली नाहीस.

काय झालं ते सांगते. गेल्या आठवड्यात दुकानात एक बाई आली. संग्रहालयातली. त्यांच्याकडच्या अंबरच्या जुन्या माळेला पॉलिश करून हवं होतं. मी घासायचं चाक बंद केलं, हात पुसले आणि माळ घ्यायला वाकले, तर ती बाई माझ्या गळ्याशी नाक लावून उभी! मला वाटलं वास घेतेय की काय. मी मागे सरकले.

"हलू नका!" ती असं ओरडली की समोरचा किल्लीवाला हातात कानस घेऊन धावत आला.

तिनं पर्समधून भिंग काढलं आणि माझ्या गळ्यातला खडा त्यातून बघत राहिली. माझी मान दुखायला लागली. मग म्हणाली, "हे आत काय आहे?"

म्हटलं, "शेवाळ आहे. आमचे बाबा म्हणतात शेवाळ. आमची धाकटी म्हणायची कचरा."

ती तुझ्या जुन्या स्टुलावर बसली आणि तिनं पाणी मागितलं.

खडा तिच्याकडे तपासायला दिला. काल तिनं बोलावलं. अगं, काय सांगू तुला! हे असलं शेवाळ, ती त्याला मॉस म्हणते, आता पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही. कुठल्याशा झाडातून राळ गळली, हे त्यात अडकलं, राळेचा दगड झाला, तेच अंबर. बाहेर त्याचे सगळे सगेसोयरे संपले. तेव्हा माणूसही नव्हता म्हणे. किती वर्षं झाली ते सांगताना ती पाटीवर शून्यं काढत गेली आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. ठिणगे, मी हा खडा गळ्यात घालून भांडी घासलीत गं! ताप आला तेव्हा घामात भिजलाय तो. एकदा डाळीत पडला होता.

आता कामाचं. तिला या मॉसला नाव द्यायचंय, पण माझ्या खड्यात नुसता देठ आणि पानं आहेत. देठ कडेला येऊन तुटलाय. त्याच्या टोकाला बोंड असतं आणि बोंडाच्या तोंडाशी बारीक बारीक दात असतात. ते दात दिसल्याशिवाय नाव देता येत नाही. ती म्हणाली, "धड आहे, डोकं नाही. कुणाचं म्हणून सांगू?"

डोकं तुझ्याकडे आहे. आठवतं ना, खडे देताना बाबा काय म्हणाले होते? एकच खडा मधोमध कापलाय, दोघींना अर्धा अर्धा, म्हणजे तुम्ही कुठेही असलात तरी एकच. तुझा खडा थोडे दिवस पाठव. परत मिळेल, मी स्वतः आणून देईन.

बाबा ठीक आहेत. चाक सध्या मीच चालवते. त्यांना जरा विश्रांती.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ठिणगे,

डबी मिळाली. औषधाच्या गोळ्यांची डबी, आत कापूस, कापसात खडा आणि चिठ्ठीवर दोन शब्द. "तपासून घे."

मी वेडी. मला वाटलं, चला, राग निवळला, मदत करतेय. डबी घेऊन मी तशीच संग्रहालयात गेले. शेवाळबाईनं (दुकानात आम्ही तिला आता हेच म्हणतो, तिला आवडतं) दोन्ही खडे शेजारी ठेवले. एकाची कड दुसऱ्याच्या कडेला लावून पाहिली. मग फिरवून. मग पुन्हा. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"हे एका खड्याचे भाग नाहीत," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आहेत. आमच्या बाबांनी कापलेत."

तिनं मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. तुझ्या खड्यात त्या चकाकत्या टिकल्या आहेत ना, ज्यांच्यासाठी मी लहानपणी जळायचे? अंबर तापवलं की तशा पडतात. तुझा खडा बारक्या तुकड्यांचा आहे. तापवून, मऊ करून, दाबून एक केलेला. तुकड्यांचे सांधेसुद्धा दिसतात. आणि आतलं शेवाळ? मला हाताला धरून ती मागच्या अंगणात घेऊन गेली आणि नळाखालच्या विटेवरून तिनं बोटानं थोडं शेवाळ खरवडलं. "हे बघा. तेच आहे. आजही उगवतं."

मी तिथेच नळाच्या कट्ट्यावर बसले.

ठिणगे, तुला माहीत होतं. "तपासून घे" म्हणजे हेच ना? आणि मग एकदम ते जेवण आठवलं. तू बंदरावर नोकरीला लागलीस त्याच्या पुढच्या वर्षी सुट्टीवर आली होतीस. आपण तिघं जेवत होतो. तू मध्येच विचारलंस, "बाबा, माझा खडा खरा आहे?" बाबा पानातून वर न बघता म्हणाले, "खरा आहे." तू पुन्हा विचारलंस. ते पुन्हा म्हणाले, "खरा आहे म्हटलं ना." तू ताट सरकवलंस, पिशवी उचललीस आणि गेलीस. ती गेलीसच. मी दारापर्यंत धावत आले तर तू म्हणालीस, "तुला खरं मिळालंय, तू सांभाळ त्यांना."

मी तेव्हापासून लोकांना सांगत आलेय, आमची धाकटी एका दगडावरून डोकं फिरवून गेली. आता कळलं. तू तो सोनाराला दाखवला होतास ना कुठेतरी? साखळी बदलायला नेला असशील. त्यानं तोंडावर सांगितलं असेल, हा बनवलेला माल आहे. मग तू घरी येऊन विचारलंस आणि बापानं तुझ्या तोंडावर...

आपले बाबा! गिऱ्हाइकाला बनावट मणी कुणी विकला तर त्या दुकानाकडे बघायचे नाहीत ते. त्या बाबांनी स्वतःच्या मुलीला? एका मुलीला खरा आणि एकीला घरी केलेला, वर म्हणायचं अर्धा अर्धा?

आणि मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. बाबा ठीक नाहीत. दिवाणखान्यातली खुर्ची खाली दुकानात आणलीय, ते दिवसभर तिच्यात बसून असतात. उजवी बाजू गेली आहे. बोलणं गेलंय, चुकूनमाकून एखादा शब्द येतो. दिवसातून कितीदा बोट माझ्या गळ्याकडे दाखवतात. घसा सुकला असेल म्हणून मी पाणी देते, तर भांडं ढकलून देतात. हे तुला कळवलं नाही, कारण तू दयेनं आलेली मला नको होतीस. खरं तर तू येणार नाहीस याची भीती होती.

आज त्यांना चहा दिला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. डॉक्टर म्हणतात पुन्हा झटका येऊ शकतो. येऊ दे म्हणावं, असं मनात आलं. आणि लगेच मोरीत जाऊन रडले.

ताई


२३ फेब्रुवारी

ठिणगे,

बस खाली आणि मग वाच. तिथे वर क्रेनच्या खोक्यात वाचू नकोस, हात जोडते.

काल दुपारी दुकान बंद केलं आणि दोन्ही खडे बाबांच्या पुढ्यात ठेवले. शेवाळबाईनं दोन दिवसांसाठी परत दिले होते. मी तावातावानं म्हटलं, "बाबा, हा काय प्रकार आहे? धाकटीला खोटा दिलात? तिनं विचारलं तेव्हाही खरं बोलला नाहीत?"

ते बघत राहिले. मला वाटलं समजलं नसेल. मग त्यांनी डावा हात उचलला. आधी चाकाकडे दाखवलं. मूठ वळली, चाकावर खडा धरतात तशी. आणि एकदम बोटं उघडली.

मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा केलं. चाक, मूठ, बोटं फाकली.

"फुटला?" मी विचारलं.

मान खाली-वर झाली. मग मी प्रश्न विचारत गेले आणि ते मानेनं हो-नाही करत गेले. लहान मुलांशी खेळतो तसा खेळ.

खडा खरंच एकच होता. त्यांनी तो खरंच मधोमध कापला. एक भाग पॉलिश झाला. दुसरा चाकावर धरला तेव्हा त्यांना घाई होती, आपण दोघी दारात नाचत होतो, कधी देणार, कधी देणार. त्यांनी पाणी न मारता धरला. कोरडा. तो तापला आणि तडकला. तुकडे झाले. ज्या माणसानं मला पहिल्या दिवसापासून "पाणी मार, पाणी मार" म्हणून कान किटवले, त्याच्या हातून!

मी विचारलं, मग? त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे तो गंजका लोखंडी दाब आहे बघ, स्क्रू पिळून दाबायचा, ज्यानं आपण दार अडवतो. त्यांनी फुटलेले तुकडे गोळा केले, तेलात तापवले आणि त्या दाबात घालून पुन्हा खडा केला. मोरीच्या भिंतीवरचं शेवाळ सुकवून आत घातलं, दोघींचे सारखे दिसावेत म्हणून. ते शेवाळ सोडलं तर बाहेरचं काही नाही त्यात, ठिणगे. काच नाही, प्लास्टिक नाही. तो त्याच खड्याचा आहे. जोडलेला.

मी म्हटलं, "आणि तो धाकटीला दिलात."

ते जोरजोरात मान हलवायला लागले. नाही, नाही, नाही! तोंडातून आवाज येईना, डोळे भरून आले. आणि मग ते नेहमीचं. बोट माझ्या गळ्याकडे. पाणी आणायला मी उठले तर त्यांनी माझी बाही धरली. समोरचा खरा खडा उचलला, ज्यात ते शेवाळ आहे, आणि हात लांब करून तो तुझ्या स्टुलावर ठेवला. बनवलेला माझ्या हातात दिला.

ठिणगे, आठव! खडे दिले तेव्हा तू किती लहान होतीस. तुझ्या हातात दिला त्यात हिरवट मळकं काहीतरी होतं. तू भोकाड पसरलंस. "मला हा घाणेरडा नको, यात कचरा आहे, ताईचा चमचमतो!" गल्लीतले सगळे गोळा झाले. मी म्हटलं, घे बाई, घे हा, पण गप्प बस. आणि आपण बदलले.

माझा होता तो. फुटका, जोडलेला, तो थोरलीसाठी होता. त्यांनी विचार केला असेल, ही मोठी आहे, समजूतदार आहे, हिला पुढेमागे सांगता येईल. खरा तुझा होता, गं. पहिल्यापासून तुझाच. त्यांच्या डोळ्यांदेखत आपण बदलले आणि ते काही बोलू शकले नाहीत, कारण बोलायचं तर फुटल्याचं सांगावं लागलं असतं. मग तू त्या जेवणाला विचारलंस. ते काय सांगणार होते? तुझा खरा ताईच्या गळ्यात आहे म्हणून? म्हणजे मी दुखावले असते. "खरा आहे," म्हणाले बिचारे, आणि तू गेलीस.

आणि मी एवढे दिवस त्यांना पाणी पाजत बसले! कप्पाळ माझं. ते सांगत होते, तुझ्या गळ्यातला तिचा आहे, तिला दे.

तू ये. डॉक्टरांचं बोलणं मी मागच्या पत्रात लिहिलंय, ते खोटं नाही. तुला त्यांनी फसवलं असं मनात धरून तू बसली आहेस, आणि ते तसं झालेलं नाही हे त्यांना तुला स्वतः दाखवायचंय. माझ्या पत्रानं त्यांचं समाधान होणार नाही.

ताई


२ मार्च

ठिणगे,

तुझं काही उत्तर नाही. ठीक आहे. हे छोटंसं लिहिते, कारण न लिहिता राहवतच नाही.

खडे परत द्यायला गेले तेव्हा शेवाळबाईला सगळं सांगितलं. चाक, दाब, तेल. ती ऐकता ऐकता उठून उभी राहिली. "म्हणजे ते तुकडे त्याच खड्याचे आहेत?" मी हो म्हणेपर्यंत तुझा जोडलेला खडा सूक्ष्मदर्शकाखाली गेलासुद्धा. मला म्हणाली, तुम्ही जा, मला वेळ लागेल.

आज सकाळी तिचा फोन. मला आधी वाटलं कुणी रडतंय. रडतच होती. तुझ्या खड्यात एक तुकडा आहे, इतरांपेक्षा मोठा, मधला, जो नीट वितळलाच नाही. सगळ्या त्या भिंतीवरच्या शेवाळाच्या आड दडलाय. त्यात ते बोंड आहे. डोकं! टोपीसकट! बाबांच्या चाकावर फुटलं, तेलात तापलं, दाबात चिरडलं, तुझ्या गळ्यात क्रेनवर चढलं आणि तरी जागच्या जागी आहे. अख्ख्या जगात दुसरं नाही.

मी फोन ठेवला आणि किल्लीवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हणजे बनावटच भारी निघालं की!" मी हसले आणि मग हसू थांबेचना.

संग्रहालयाला आता दोन्ही खडे कायमचे हवेत. मी सांगितलं, दोन्ही खडे माझ्या बहिणीचे आहेत. एक वडिलांनी तिला दिलाय, एक तिनं स्वतः मागून घेतलाय. तिला विचारा.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू आल्यावर सांगू.

ताई


१५ मार्च

ठिणगे,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू खाली दुकानात आहेस, मी वर आहे, मध्ये फक्त जिना. पण समोरासमोर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं, काल मिठावरूनसुद्धा झालं. कागदावर जमतं. सवय लागलीय.

तू परवा दारात उभी राहिलीस तेव्हा मी तुला ओळखलंच नाही, हे तुला सांगितलं नाही. केस पांढरे झालेत तुझे, कानाजवळ. मला वाटलं गिऱ्हाईक. तू म्हणालीस, "भूक लागलीय." आणि माझ्या हातातली माळ सुटली, मणी सगळीकडे.

आणि बाबा! मला वाटलं होतं ते रडतील. त्यांनी तुझ्याकडे बघितलंही नाही आधी. माझ्याकडे वळले आणि डाव्या हातानं माझ्या गळ्यातली साखळी चाचपायला लागले. शेवाळबाईनं तो खरा खडा तुला दाखवायला म्हणून परत दिला होता आणि मी तो जपून राहावा म्हणून गळ्यातच घातला होता. त्यांना ती कडी उघडता येईना. मी हात वर केला तर त्यांनी झटकला. मी मान खाली घालून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. तू मध्ये एकदाही म्हणाली नाहीस, राहू द्या. शेवटी निघाली. त्यांनी तो तुझ्या तळहातावर ठेवला, तुझी बोटं एकेक करून मिटली आणि म्हणाले, "तुझा."

हा शब्द आला कुठून त्यांच्या तोंडी?

तू रडली नाहीस. मूठ घट्ट धरून म्हणालीस, "आणि माझा कुठे आहे?"

मी म्हटलं, "हाच की."

"हा नाही. बाबांनी केलेला. तो मला हवाय."

शेवाळबाईला निरोप गेला तेव्हा ती धापा टाकत आली. "अहो, तो परत कसा देऊ? जगात तसा एकच आहे!" आणि तू म्हणालीस, "म्हणूनच मागतेय." ठिणगे, मला तुझा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला, एकाच वेळी. शेवटी तुमचं ठरलं. बाबा आहेत तोवर तो तुझ्या गळ्यात, नंतर दोन्ही खडे संग्रहालयाला. ती म्हणाली, एवढी वर्षं थांबलंय, अजून थोडं थांबेल. पण बोंडाचे दात तिला आत्ताच बघायचेत, आणि त्यासाठी खड्याची एक बाजू घासायला लागेल. केसाच्या अंतरापर्यंत. बोंडाला धक्का लागता कामा नये.

संग्रहालयात त्यासाठी यंत्र आहे. तू म्हणालीस, "घासायचा तर आमच्या चाकावर."

मी आज सकाळी नको नको म्हणत होते ते काळजीनं, असं तुला वाटलं असेल. अर्धं काळजीनं. अर्धं यासाठी, की चाकाकडे बघून बाबांनी बोट केलं ते तुझ्याकडे. इतकी वर्षं या चाकापाशी मी बसतेय, माझे कान बधिर झाले त्या आवाजानं, आणि बोट तुझ्याकडे! मला झोंबलं. मग माझे हात बघितले. परवापासून पुन्हा थरथरतायत. तुझे बघितले. त्या हातांनी तू भरलेले लोखंडी कंटेनर अलगद जहाजावर ठेवतेस. तुझं बोट जरासुद्धा हलत नाही. बाबांनी ते माझ्या आधी बघितलं.

पण घासण्याआधी तू जे केलंस ते मी जन्मात विसरणार नाही. शेवाळबाईनं सूक्ष्मदर्शक आणलाच होता. तू तो बाबांच्या खुर्चीपुढे ठेवलास, त्यांची मान धरून डोळा भिंगावर आणलास आणि म्हणालीस, "बाबा, बघा. फुटलं नव्हतं."

त्यांनी बघितलं. आधी काही नाही. मग त्यांचा खांदा हलायला लागला, तो गेलेला, उजवा. तोंड उघडं. बघतायत, बघतायत. डोळा काढेनात. एवढं आयुष्य त्यांनी मनाशी धरलं होतं की त्यांनी तो खडा संपवला. तुझ्यामाझ्यामधला. आणि ते बारकंसं डोकं त्यांच्या हातून वाचलेलं तिथे बसलंय, टोपी घालून. मी त्यांचा चेहरा बघितला आणि जिन्यावर पळाले. मी इथे वर आहे ती त्यासाठी. आणि घासताना बघवणार नाही म्हणून.

आता खाली चाक सुरू झालंय. तू स्टुलावर असशील, बाबांचा डावा हात तुझ्या मनगटावर. शेवाळबाई नक्की डोळे मिटून बसली असेल. किल्लीवाला दारात. मला इथून सगळं कळतं, गं. चाकाचा आवाज ओला आहे तोवर काळजी नाही. ओल्या चाकाचा आवाज खरखरत नाही, घुमतो.

आता जरा वर चढला. बदलला. ठिणगे, कोरडं पडतंय चाक! तुझं लक्ष खड्यावर आहे, पाण्याकडे नाही. मी ओरडू का? ओरडले तर तुझा हात हलेल. पाणी मार, अगं बाई, पाणी मार, मी उठतेय, मी

थांबलं. चाक थांबलं.

काहीच ऐकू येत नाही. कुणी बोलत का नाही?

बाबा. बाबांचा आवाज. "पाणी," म्हणाले. स्पष्ट. मी पहिल्या दिवशी दुकानात शिकायला बसले होते तेव्हा म्हणाले होते, तसं.

आणि पाणी पडल्याचा आवाज आला. भरपूर ओतलंस तू, जमीन भिजवलीस सगळी, ती आता मीच पुसणार.

चाक पुन्हा सुरू झालंय. घुमतंय.